हैबतराव गाडी बघायला जातात

"गाडी कुणासाठी बघताय, काका?" शोरूममधल्या पोरानं विचारलं.

"माझ्यासाठीच," हैबतराव म्हणाले. "का? म्हाताऱ्यानं गाडी घिऊ न्हाई व्हय?"

रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला. पिरंगुटच्या त्या शोरूममध्ये नवरा-बायको गाडी बघायला आलेच नव्हते. ते पोरगं बघायला आले होते. हाच तो निरंजन. विश्राम पाव्हण्यानं त्यांच्या पोरीसाठी, अपेक्षासाठी सुचवलेलं स्थळ. आज संध्याकाळी विश्रामला हो की नाही ते कळवायचं होतं.

फोटो आणि बायोडाटा यांवर हैबतरावांचा काडीचा भरवसा नव्हता. बैल बाजारात बघू नये, औताला जुंपलेला बघावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधी गिऱ्हाईक होऊन जात आणि मग स्थळ मोडत. बँकेतलं पोरगं जांभया देतं म्हणून मोडलं. मेडिकलवालं एका म्हातारीवर खेकसलं म्हणून मोडलं. रंभाबाईंना दोन्ही पसंत होती, पण त्यांना विचारतंय कोण! शेवटी हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या पोरीनं बापाला बजावलं, "हे मोडलंत तर परत माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही." अपेक्षा बोलल्यासारखं करणारी होती. हैबतरावांना तेव्हापासून झोप धड लागत नव्हती.

निरंजननं चावी फिरवली. हँडलमधला छोटा पडदा उजळला.

"हे बघा काका. कितव्या गियरला आहात ते इथं दिसतं. आहे त्या पेट्रोलात किती लांब जाल, तेही. आणि साइड स्टँड खाली राहिलं, तर गियर टाकल्यावर गाडी बंदच पडते."

"आन् टायरात हवा कमी झाली तर?"

"ते ह्यात नाही. वरच्या मॉडेलमध्ये मिळतं. पण खरं सांगायचं तर पंपावर हवा बघितली तरी भागतं."

पोरगं महागडं गळ्यात मारत नव्हतं. हैबतरावांनी बायकोकडं बघितलं. रंभाबाईंनी नाक मुरडलं.

"लई बोलतंय," त्या कुजबुजल्या. "भाईर बोलणारी घरात मुकी असत्यात."

"बोलायचंच काम हाय त्याचं. हितं काय मौन धरंल?"

"काकू, तुम्ही बसून बघता का मागं?" निरंजननं गाडी मेन स्टँडवर घेतली आणि हँडल घट्ट धरलं. रंभाबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या. तो खाली वाकला, त्यांचा पाय फूटरेस्टवर टेकतोय का ते बघितलं, लुगड्याचा काठ चेनपासून लांब आहे का तेही बघितलं. मग त्यानं मान हलवली.

"काका, खरं सांगू? पडदा झकास आहे, पण ह्या गाडीची मागची सीट अरुंद आहे. ताम्हिणीपर्यंत जाऊन आलात तर काकूंची कंबर धरेल. त्यापेक्षा ती कोपऱ्यातली घ्या. पडदा साधा आहे, पण सीट लांब-रुंद, आणि खड्ड्यात हिसका बसत नाही."

हैबतराव मनातून खूश झाले. पण रंभाबाई उतरल्या त्या फणफणतच.

"बघा! धंदा कळत न्हाई त्याला. गिऱ्हाईक महागाची मागतंय आन् ह्यो स्वस्तातली दावतोय. असला काय संसार करनार?"

"अगं, तुज्या कंबरंचा इचार केला त्यानं!"

"रंगानं बी सावळाच हाय."

"मग मी काय गोरा हाय व्हय?"

आता हैबतरावांना बायकोचा खरंच राग आला. इतकं सरळ पोरगं समोर उभं आणि हिला त्याचा रंग दिसतोय! रंभाबाई हात धुवायला मागच्या बाजूला गेल्या, तसे ते त्याच पडद्याच्या गाडीवर बसले.

"चल, येक चक्कर मारू. तू मागं बस."

"मी? काका, तुम्ही एकटे जा की. मी इथंच थांबतो."

"बस म्हन्तो न्हवं!"

दोघं पौड रस्त्याला लागले. कंपनीच्या बसगाड्या, डंपर, मधेच आडवी आलेली म्हैस. निरंजन मागून हळूच सांगत होता, "काका, पुढं गतिरोधक आहे." ओरडणं नाही, घाबरणं नाही.

"ह्यो पडद्यावर बाण कसला आलाय?"

"रस्ता दाखवतोय. माझा मोबाइल जोडलाय गाडीला."

"घरी कोन कोन असतं तुज्या?"

"आई, बाबा, मी."

"पितोस का काय?"

"नाही, काका. पण गाडी घ्यायला हे पण लागतं का?"

हैबतराव खदाखदा हसले. मनात त्यांनी मांडव घातलाच होता. पोरीला काय सांगायचं, कसं सांगायचं, तेही ठरवून झालं. परत येऊन त्यांनी शोरूमच्या काचेसमोर गाडी थांबवली. इंजिन तसंच चालू ठेवलं. आता त्यांच्यानं राहवेना.

"पोरा, मी गिऱ्हाईक न्हाई. अपेक्षाचा बाप हाय मी."

निरंजन घाईघाईनं गाडीवरून खाली उतरला.

"भ्यायचं कारन न्हाई. मला पसंत हायेस तू. आमच्या मालकीनबाईंना न्हाईस, त्ये खरं हाय. पर तू इचार करू नगंस. आमच्या घरात माझंच चालतं."

तेवढ्यात निरंजनच्या खिशात मोबाइल वाजला. पडद्यावरचा बाण गेला आणि तिथं ठळक अक्षरात नाव आलं: सासूबाई.

हैबतरावांचा चेहरा उतरला. "आरं, लगीन झालंय व्हय तुजं?"

"नाही हो, काका..." निरंजन खिसा चाचपत पुटपुटला.

हैबतरावांनी रागानं मान वर केली. काचेच्या पलीकडं, खांबाच्या आडोशाला, त्यांच्याकडं पाठ करून रंभाबाई कानाला मोबाइल लावून उभ्या होत्या.