इंजिनघरातली चाळीस मिनिटं

"म्हणजे इंजिनघराचं झाकण बंद करायचा हुकूम तुम्ही दिलात?" म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं.

"मीच," कॅप्टन ऑर्मरॉड म्हणाला. "नाहीतर जहाज बुडालं असतं. वर तीनशे माणसं होती, खाली इंजिनघरात अकरा."

"आणि डेन्झिल?"

"तो वर होता. सुखरूप."

म्हातारा म्हणजे डेन्झिलचे वडील, रेव्हरंड ट्रेव्हेला. मुलासारखेच तेही पाद्री. कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं काढलेले. मुलगा गेल्याची तार त्यांना पंधरा दिवसांपूर्वीच मिळाली होती. पण सगळं काही तारेत मावत नाही, म्हणून कॅप्टन मुद्दाम आला होता.

डेन्झिल नऊ वर्षं आरमारात पाद्री होता. खलाशांची पत्रं लिहून द्यायचा, त्यांच्या मुष्टियुद्धात पंच व्हायचा. ऑर्मरॉडला देवाधर्माचं वावडं. पहिल्याच दिवशी त्यानं सुनावलं होतं, "तुमच्याऐवजी दोन तोफगोळे जास्त मिळाले असते तर बरं झालं असतं."

"गोळे संपतात, साहेब," डेन्झिल हसला होता. "माझी बडबड संपत नाही."

म्हातारा हे ऐकून किंचित हसला. "पुढे सांगा."

"टॉर्पेडो लागला तेव्हा भर दुपार होती. इंजिनघरात पाणी घुसलं. झाकण लोटणार, तोच हा पुढे घुसला. मी ओरडलो, 'पाद्रीबुवा, खाली तुमचं काय काम?' तर म्हणाला, 'आता माझं काम खालीच आहे.' शिडी उतरला आणि झाकण त्यानंच आतून ओढून घेतलं."

ऑर्मरॉडचा चहा निवून गेला होता.

"इंजिनघराशी बोलायची एक नळी असते. चाळीस मिनिटं मी तिला कान लावून उभा होतो. त्यानं एकेकाला नावानं हाक मारली. कसलातरी चावट विनोद सांगितला. सगळे हसले, रेव्हरंड! गळ्यापर्यंत पाणी, आणि हसले. मग स्तोत्र गायले. शेवटी बॅग्ली रडायला लागला. दांडगा गडी, नातवंडं असलेला. म्हणाला, 'पाद्रीबुवा, खरं सांगा. पलीकडे आहे का हो कुणी?'"

म्हाताऱ्याची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली.

"मग? काय म्हणाला तो?"

"'आहे,' म्हणाला. 'तुझी वाट बघतोय. चल, मी आहे ना बरोबर.'"

"लगेच म्हणाला? अडखळला नाही?"

"जराही नाही."

"आवाज कापला?"

"रजेवर घरी निघालेल्या माणसासारखा होता आवाज." ऑर्मरॉडनं निवलेला कप बाजूला सरकवला. "मी जन्मात कधी गुडघे टेकले नव्हते. त्या नळीपाशी टेकले. इतकी श्रद्धा असलेला माणूस मी पाहिला नाही."

म्हातारा उठला. कपाटातून त्यानं एक पाकीट काढलं आणि कॅप्टनच्या हातात दिलं. शेवटच्या बंदरातून टाकलेलं पत्र, तारेनंतर तीन दिवसांनी आलेलं.

"वाचा. ते लपवून ठेवणं मला तरी जमायचं नाही."

डेन्झिलचं अक्षर ठसठशीत होतं.

'बाबा, या फेरीनंतर मी हा झगा उतरवतोय. वर्षभर खूप शोधलं. पलीकडे कुणीही नाही.'