उत्तरेची पन्हळ

"मिस्त्री, तेवढी ही पन्हळ इथं लावू नका हो," खालून गावातली अ‍ॅवीस म्हणाली.

हॅमो शिडीवर होता. छपराचं पाणी पायात मुरून चर्चची उत्तरेची भिंत खचत चालली होती, म्हणून शिशाची पन्हळ बसवायला गावाने त्याला खास बोलावून आणलं होतं. कामात कुणी नाक खुपसलं की त्याचं डोकं फिरे.

"मग काय तुमच्या पदरात सोडू पाणी?"

"इथं माझी लेक आहे." तिने भिंतीच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. "पाद्रीबाबा पोचायच्या आत गेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही. सुईणीनं गुपचूप इथं पुरली. म्हणाली, देवाच्या छपरावरून येतं ते पाणी पवित्रच. पागोळ्या पडत राहतील तिच्यावर, त्यातच होईल बाप्तिस्मा. आणि तुम्ही सगळं पाणी पार त्या कोपऱ्यात नेऊन सोडताय."

हॅमोने टोच्या घेतला आणि त्या जागेच्या बरोबर वर पन्हळीला एक भोक पाडलं.

"कुणाला सांगू नका," एवढंच म्हणाला.

अशी गोष्ट गावात कुठली लपते! दुपारी दुसरी आली, मग दोघी बहिणी, मग काठी टेकत एक सत्तरीची म्हातारी. कुणी फार बोलत नव्हतं. भिंतीलगत चालायचं, थांबायचं आणि वर बघायचं. तिथं हॅमो भोक पाडायचा. आपलंच चोख काम आपल्याच हाताने बिघडवताना बिचाऱ्याचा जीव तुटत होता, पण हात काही थांबला नाही.

रविवारी प्रार्थना सुटली आणि जोराची सर आली. चर्चचा कारभारी रेनॉल्ड बाहेर येऊन बघतो तर पन्हळ अकरा ठिकाणी गळतेय.

"अरे हॅमो, पन्हळ केलीस की चाळणी? एकूण एक भोक बुजव! आत्ताच्या आत्ता!"

"बुजवतो की, कारभारी. फक्त आधी घरी विचारून या. त्यातलं एक तुमच्या कारभारीणबाईंनी सांगितलेलं आहे."

रेनॉल्डला आठवलं, वीस वर्षांपूर्वी सुईण कापडात काहीतरी गुंडाळून त्याच्या घराच्या मागच्या दाराने गेली होती. कुठे नेलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. घरात तो विषयच पुन्हा निघाला नव्हता.

त्याने टोपी काढली आणि भर पावसात भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"कोणतं?" त्याने विचारलं.