पिवळं निशाण

चार वाजता आर्विडच्या अंगणात त्याच्या लेकीचं लग्न, आणि तंबूची एकही मेख जमिनीत गेली नव्हती. मेखा ठोकण्याआधी खाली काय पुरलंय त्याच्या खुणा करून घेणं, हे तंबूवाल्यांकडचं माझं काम. पाणीवाले निळी निशाणं रोवून गेले, वीजवाले लाल. गॅसवाहिनीवाल्याचा पत्ता नव्हता. मी अकराव्यांदा फोन लावला. “पोरी, एकतीस वर्षं हे गवत मी कापतोय,” आर्विड गुरगुरला. “खाली गांडुळांशिवाय काही नाही!” त्याने गवतात मेख टोचून घण उचलला. मी झटकन मेखेवर तळहात ठेवला. “हाणा आता!” मी म्हणाले. तेवढ्यात गॅसवाला आला. जमिनीखालची वाहिनी शोधणारं त्याचं यंत्र नेमकं मेखेपाशी किंचाळलं. तिथेच त्याने पिवळं निशाण रोवलं. आर्विडने घण खाली ठेवला. तंबू दहा पावलं सरकला. चार वाजता लेकीचा हात धरून तो आला, तेव्हा कोटावर फुलाऐवजी तेच निशाण खोचलेलं होतं.