तिसऱ्या गाण्यातली चूक

सुई टेकली आणि पहिल्याच सुराला तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

दुकानदाराला वाटलं, ती दुरुस्त करत असलेल्या रेकॉर्ड प्लेयरची घरघर अजून गेलेली नाही. "काय झालं ताई, अजून येतेय का?"

"नाही. कुठे मिळाली ही?"

"जुन्या मालात. कुणाच्या तरी घरातून तीन खोकी उचलली, त्यात तळाशी होती. कंट्री म्युझिकचा अल्बम आहे. गाणारीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, पण मागची पेडल स्टील गिटार ऐका. आठवडाभर दुसरं काही लावलं नाहीये मी."

तिला ऐकायची गरज नव्हती. हा अल्बम तिनेच ध्वनिमुद्रित केला होता. तीस वर्षांपूर्वी ती स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होती. गिटार वाजवणारा तिचा नवरा होता, आणि गाणारी ती बाई होती जिच्यासाठी तो ध्वनिमुद्रणाच्या तीनच महिने आधी घर सोडून गेला होता. कंपनीवाल्याने जरा चाचरतच विचारलं होतं, हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का? ती म्हणाली, छे, काम ते काम. मनात म्हणाली, बरे आयते सापडलात.

आणि तिने दोघांचा काटा काढला. गाणारीचा आवाज इतका मागे ढकलला की बाई शेजारच्या घरात गातेय असं वाटावं. नवऱ्याची गिटार मात्र पुढे आणली, ऐकणाऱ्याच्या थेट कानाशी नेऊन ठेवली. प्रेमापोटी नव्हे. त्या दिवशी तो वाईट वाजवत होता, जागोजागी सुरावरून घसरत होता, आणि तिला त्याची प्रत्येक घसरण चारचौघांत उघडी पाडायची होती.

अल्बम सपशेल आपटला. गाणारीला पुन्हा कुठल्या कंपनीने दारात उभं केलं नाही. नवऱ्याला कुणी बोलावेना, त्याने गिटार विकून टाकली. वर्षभरात त्या दोघांचंही फाटलं. ते कळलं तेव्हा तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. मागच्या वर्षी तो वारल्याचा फोन आला, तेव्हा ती एका ॲम्प्लिफायरचं पोट उघडून बसली होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि उरलेलं काम पुरं केलं.

आता मात्र तिने स्टूल ओढलं आणि ऐटीत बसली. तीस वर्षं ही गंमत तिने एकटीनेच चाखली होती. तिला कुणीतरी साक्षीदार हवा होता, आणि हा तर जाणकार होता. दुकानदार स्वतः हौसेने ते वाद्य वाजवायचा. त्याचं वाद्य कोपऱ्यातच होतं, टेबलासारखं आडवं, वर तारा आणि खाली पायाला पेडल.

"तिसरं गाणं लावा," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याच्या आधी हा कसा घसरतो ते बघा. नवशिक्याचीसुद्धा अशी फजिती होत नाही."

दुकानदाराने तिसरं लावलं. घसरण आली. ती खुदकन हसली. दुकानदार हसला नाही. त्याने सुई उचलून मागे नेली आणि तीच जागा पुन्हा ऐकली. मग पुन्हा एकदा. मग उठून आपल्या वाद्यापाशी बसला आणि डाव्या हातात पोलादी कांडी घेतली.

"ताई, साध्या गिटारीसारख्या इथे बोटाला अडवणाऱ्या पट्ट्या नाहीत. सूर कुठे आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि ही कांडी तारांवरून तिथवर न्यायची. नजर उचलली की कांडी घसरलीच."

त्याने तोच तुकडा वाजवला आणि मध्येच मान वर केली. तीच घसरण, हुबेहूब. तिचं हसू ओठावरच राहिलं.

"बघितलंत? हा चुकत नाहीये. वाजवता वाजवता वर बघतोय. ती बाई गात असते तोवर सूर अगदी जागेवर, म्हणजे नजर तारांवर. ती थांबली की ह्याची मान वर. सगळ्या गाण्यांत तेच. ह्याच्या समोर कुणीतरी बसलेलं होतं. आणि घसरलेला सूर ऐका, दर वेळी विनवल्यासारखा खाली झुकतो; हा त्या माणसाची माफी मागतोय. सगळं आयुष्य हे वाद्य ऐकण्यात गेलं माझं, पण अशी माफी मी कधी ऐकली नाही. कुणाची मागत होता कोण जाणे."

तिला ठाऊक होतं. गाणारीला तिने बाजूच्या बंद खोलीत उभं केलं होतं. त्याच्या समोर फक्त रेकॉर्डिस्टच्या खोलीची काच होती. काचेमागे ती होती, मान खाली घालून त्याच्या चुका वहीत टिपत बसलेली. निव्वळ छळायचं म्हणून एकेक गाणं तिने त्याला अकरा-अकरा वेळा वाजवायला लावलं, आणि तो एका शब्दाने कुरकुरला नाही. दर वेळी शेवटचा सूर विरायचा, खोलीत सगळं शांत व्हायचं, आणि दर वेळी ती मान वर न करता माइकचं बटण दाबून म्हणायची, "चुकलं. पुन्हा."