आणि मग?

“ट्राम चालवायची सोडून मानसशास्त्र? या वयात?” प्राध्यापक कानेव यांनी चष्मा काढत विचारलं.

रुमियाना खुर्चीच्या टोकावर बसली होती. चाळिशी उलटलेली बाई. बाहेर विद्यापीठाच्या प्रवेश-मुलाखतीसाठी थांबलेली मुलंमुली तिच्या लेकीच्या वयाची. ‘लोकांना मदत करायची आहे,’ असं उत्तर तिनं पाठ करून आणलं होतं. ऐनवेळी ते तोंडातून निघेना.

“गेल्या हिवाळ्यात माझ्या ट्रामखाली एक तरुण मुलगा आला,” ती म्हणाली. “कानात हेडफोन होते त्याच्या. मी घंटा वाजवली, ब्रेक दाबला. रुळांवर बर्फ होता.”

कानेव यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग ती सांगत गेली.

चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. डेपोनं रजा दिली, समुपदेशकाकडे पाठवलं. ‘तुमची काही चूक नाही,’ तो म्हणायचा. घरी नवराही तेच म्हणायचा. सगळे इतक्या घाईनं म्हणायचे, की तिला पुढे बोलताच यायचं नाही. ती दिवसाही पडदे ओढून बसू लागली.

एका दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पेना तिचं नाव. हातात फडक्यात गुंडाळलेली, चीज घातलेली गरम बानित्सा. डेपोनंच पाठवली असेल, असं समजून रुमियानानं तिला आत घेतलं.

“खाऊन घे आधी, निवेल,” म्हातारी म्हणाली आणि स्वयंपाकघरातच टेकली.

मग ती येतच राहिली. ‘तुझी चूक नाही’ असं पेनामावशी एकदाही म्हणाली नाही. रुमियाना बोलता बोलता अडली, की एवढंच विचारायची, “आणि मग?”

घंटेचा आवाज. प्रवाशांचा आरडाओरडा. खाली उतरून आपण बर्फात बसलो ते. कुणालाच न सांगितलेलं सगळं रुमियानानं तिला सांगितलं.

“शुद्धीवर होता का गं तो?” एकदा मावशीनं विचारलं.

“थोडा वेळ. मी हात धरला होता त्याचा. त्याच्याशी काहीबाही बोलत होते. आपल्या लेकराशी बोलतो ना, तसं.”

मावशी उठली आणि नळाखाली दोघींचे कप धूत राहिली. बराच वेळ.

वसंतात रुमियाना कामावर परतली. पहिल्याच फेरीला मावशी तिच्या केबिनमागच्या जागेवर येऊन बसली. अपघाताचं ते वळण जवळ आलं तशी रुमियाना पुन्हा पुन्हा घंटा वाजवू लागली.

“हळू घे पोरी,” मागून आवाज आला. “मी आहे.”

ट्राम वळली.

“मला तसं ऐकायला शिकायचंय,” रुमियाना समोरच्या तिघांना म्हणाली.

कानेव यांच्या शेजारी बसलेल्या तरुण प्राध्यापिकेनं विचारलं, “फार अनुभवी असणार त्या. कुठल्या संस्थेतून यायच्या?”

“त्या दिवशी त्या उतरायला लागल्या तेव्हा मीही तेच विचारलं, की मावशी, तुम्हाला माझ्याकडे पाठवलं कुणी?” रुमियाना म्हणाली. “म्हणाल्या, ‘कुणीच नाही गं. माझ्या पोराला शेवटचं पाहिलंस ते तू. मग मी दुसऱ्या कुणाकडे जाणार होते?’”