विहिणींचा तह

“माझ्या नातवाला हात लावायचा न्हाय, विहीणबाई! लावलासा तर हितंच मनगट मोडीन!”

तानाबाई दारात आडवी उभी. एका हातात गुटी उगाळायची सहाण, दुसरा हात चौकटीला. पायरीवर अंबूबाई, तिच्या सुनेची आई. शाहूपुरीतनं तरातरा चालत आलेली, पदराखाली एरंडेलाची बाटली.

“तुमचा नातू, मग माझा कोण? शेजाऱ्याचा व्हय?” अंबूबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “गुटी चाटवून चाटवून पोराच्या पोटाचं वाटोळं केलासा!”

“आणि तुमच्या एरंडेलानं सोनं पिकलं व्हय? पोरगं नुसतं पाणी हगालंय!”

समोरच्या रशीद शिंप्यानं मशीन थांबवलं. देशातली आणीबाणी उठली होती, ह्या दारातली आत्ता लागली होती.

तेवढ्यात कृष्णात आला. तानाबाईचा लेक, बिद्रीला साखर कारखान्यात कामाला, सुट्टीपुरता घरी. पिशवी खाली ठेवायच्या आत दोघींनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. आई म्हणाली, सासूला घालव. सासू म्हणाली, आईला आवर. त्यानं हात जोडले. जोडलेल्या हातांकडं कुणी बघितलंच नाही.

आत श्यामला भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तीन महिन्यांचं पोर. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. रडायचंही त्याच्यात बळ नव्हतं.

“पहिली पोरगी अशीच गेलती,” श्यामला म्हणाली. 

कृष्णातनं पोर उचललं, बायकोला घेतलं आणि दवाखाना गाठला.

“काय काय पाजलं?” डॉक्टरनं विचारलं.

श्यामला सांगत गेली. सासूची गुटी. गुटीनं पोट बांधलं म्हणून आईचं एरंडेल. एरंडेलानं सुटलं म्हणून परत गुटी. कृष्णातनं मान खाली घालून खिशातली जंतू मारायच्या कॅप्सूलची पट्टी टेबलावर ठेवली. मेडिकलवाल्याला विचारून मागच्या सुट्टीला त्यानंच आणलेली. फोडून चिमूट चिमूट द्यायची.

डॉक्टर भडकला. “पोराच्या पोटात चांगले जंतूही असतात, कळतंय का? आईच्या दुधावर वाढतात, वाईट जंतूंना रोखून धरतात. तुम्ही घरातले सगळे मिळून त्यांनाच मारायला उठलाय! अंगावरचं दूध पाजा. जुलाब थांबेपर्यंत मी सांगतो तसं मीठ-साखरेचं पाणी. बाकी एक थेंब पोटात गेला तर परत माझ्या दारात यायचं नाही.”

कृष्णातनं घरी येऊन सांगितलं.

“जंतू?” तानाबाई म्हणाली. “आमच्या घराण्यात कुणाच्या पोटात जंतू न्हाईत!”

“त्या डॉक्टरला मिसरूड तरी फुटलंय का?” अंबूबाई म्हणाली.

पहिल्यांदाच दोघींचं एक मत झालं, आणि तेवढ्यावरनंच परत जुंपली. शेवटी तानाबाईनं सहाण माळ्यावर भिरकावली. “घ्या! गुटी बंद! सगळी गल्ली साक्षीला हाय. आता पोरगं हगलं तर ते एरंडेलानंच!”

“माझं बी एरंडेल बंद!” अंबूबाईनं बाटली पदरात गुंडाळली. “बघूच, कुणाचं पाप हाय ते! ह्या उंबऱ्यावर पाय ठेवीन तर नाव लावणार न्हाय!”

कृष्णात बिद्रीला गेला तो जीव मुठीत धरूनच. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. फाटकावरचा गडी हाक मारायचा तेव्हा वाटायचं, घरनं सांगावाच आला.

पुढच्या सुट्टीला त्यानं दार ढकललं, तर पोर गोधडीवर पाय झाडत पडलेलं. गालावर मांस. डोळ्यांत टवटवी. कुणीतरी आलंय हे बघून ते खुदकन हसलं. कृष्णातनं त्याला उचलून घेतलं.

तानाबाई खुशीत होती. “बघितलास? एरंडेल थांबलं आणि पोरगं बरं झालं.” शाहूपुरीत अंबूबाई सगळ्यांना सांगत होती, गुटी थांबली म्हणून झालं.

दुपारी कृष्णात निघायला पिशवी भरत होता. तानाबाई मऊ आवाजात म्हणाली, “जाऊ दे बाबा, कशाला वैर? उद्या विहीणबाईंस्नी जेवायलाच बोलवती. पोराच्या पोटात कवाधरनं औषध न्हाय. दोघी मिळून एकदा एरंडेलानं पोट साफ करतो, मग गुटी सुरू.”

कृष्णातचा चेहरा उजळला. त्यानं हसून बायकोकडं बघितलं. श्यामलानं पोर छातीशी घट्ट धरलं होतं.

“भांडत हुत्या म्हणून जगलं,” ती हळूच म्हणाली. “आता दोघी मिळून पाजतील.”

कृष्णातचा पिशवीतला हात थांबला. जन्मभर ज्यानं कुणाचं भांडण बघितलं की हात जोडले, तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

“आई, सासूबाई भेटलत्या की वाटंत.”

“व्हय? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तानाबाईच्या गुटीवर वाढलेलं पोरगं बघायचं आसंल तर कृष्णाताकडं बघा. हाडाचा सापळा. वाऱ्यानं पडतंय.”

तानाबाईनं पदर खोचला. मान लाल झाली. “माझ्या लेकाला? सापळा? आणि काय म्हणाली ती? बोल!”

कृष्णातनं पिशवी खांद्याला मारली.

“लई हाय, पण मला गाडी हाय. निघतो आता.”