तीन अभ्रे

अधिकाऱ्याने ब्लेड तिच्या हातात दिलं आणि तो मागे सरला. कॉकपिटमध्ये तिघांना पुरेल एवढी जागा नव्हती. तिचा भाऊ दारातच अडकल्यासारखा उभा राहिला. वैमानिकाच्या सीटवरची उशी सोडवून तिने मांडीवर घेतली होती.

बाहेर भंगारवाल्याची माणसं उजवा पंख कापत होती. दोन्ही इंजिनं आधीच विकली गेली होती आणि उरलेलं उद्या ट्रकवर चढणार होतं. विमान खात्याचा अधिकारी आला होता तोही भावाने वर्षभर त्याच्या कचेरीत खेटे घातले म्हणून. पुन्हा यायला जमणार नाही, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

विमानाचा सगळा इतिहास भावाला तोंडपाठ होता. गाडीत रस्ताभर तो अधिकाऱ्याला तोच ऐकवत आला. महायुद्धात सैनिकांची ने-आण करायला बांधलेलं विमान. युद्ध संपल्यावर सरकारने ते लिलावात काढलं. एका प्रवासी कंपनीने घेतलं, तिने एका माल वाहणाऱ्या कंपनीला विकलं. तिथे तिचा नवरा वैमानिक होता आणि भाऊ मेकॅनिक. सव्वीस वर्षांपूर्वी सहवैमानिक आजारी पडला म्हणून नवरा एकटाच उडाला, आणि विमान समुद्रावर दिसेनासं झालं. ना तुकडा सापडला, ना देह. सरकारदरबारी विमानाची गोष्ट तिथेच संपली.

भावाचं म्हणणं, ती संपली नव्हती. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे याच बनावटीचं एक विमान मेंढ्या वाहू लागलं. ते चालवणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. मेंढ्यांनंतर ते पॅराशूटच्या उड्या शिकवणाऱ्या एका क्लबाकडे गेलं आणि तिथून भंगाराच्या या आवारात आलं. नंबराच्या पट्ट्या कुणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. शेपटीजवळचं ठिगळ मात्र आपल्याच हातचं आहे, असं भाऊ छातीठोक सांगत होता. पण शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या छातीठोकपणाला कोण विचारतो?

चौकशीत दोष त्याच्यावर आला होता. इंजिनं ठणठणीत होती, असं त्याने शपथेवर सांगितलं. मग तिची साक्ष झाली. नवरा महिनाभर रोज जेवताना म्हणत असे, "डाव्या इंजिनाचं काही खरं नाही. तुझ्या भावाला सांगून थकलो." तिने ते जसंच्या तसं सांगितलं. भावाकडे न बघता पुढे एवढंच म्हणाली, "माझा भाऊ खोटं बोलतोय." तो तुरुंगात गेला. सुटल्यावर पाण्याचे पंप दुरुस्त करून पोट भरू लागला. साक्षीच्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आजही बोलली नव्हती. विमान तेच निघालं, तर भावाच्या माथ्यावरचा डाग जाणार होता आणि नवरा चोर ठरणार होता. वडिलांच्या फोटोकडे बघत वाढलेली तिची मुलगी आता स्वतः विमान चालवत होती. तिला काय सांगायचं? हे ते विमान नव्हे, एवढं सांगून कायमचं मोकळं व्हायचं, असं ठरवूनच ती गाडीत बसली होती.

नवरा बुटका होता. त्याला काचेतून पुढचं नीट दिसावं म्हणून तिने उशी शिवून दिली होती, मुलीच्या झबल्यातून उरलेल्या पिवळ्या कापडाची. पांढरा दोरा संपला, म्हणून चौथी बाजू काळ्या दोऱ्याने शिवली. उशी सीटला बांधताना भाऊच हसला होता. म्हणाला होता, भाऊजी, तुमच्या आधी तुमच्या उशीलाच मिशी फुटली.

वरचा अभ्रा रेक्झिनचा होता. त्यावर क्लबाचं नाव होतं. तिने तो उसवला.

आत निळं कापड निघालं. त्यावर लहान लहान होड्या. लहान मुलाच्या सदऱ्याला घेतात तसलं कापड. एका कोपऱ्यात बाहीचा गोल कापून घेतलेला होता आणि तिथे दुसरा तुकडा जोडला होता. टाके हातचे, बारीक, एकसारखे. असे टाके तिला कधीच जमले नव्हते.

ब्लेड थांबलं. मग तिने तेही टाके उसवले.

आत पिवळं कापड होतं. तीन बाजूंना पांढरा दोरा, चौथीला काळा.

ती होड्यांच्या कापडावरून बोट फिरवत राहिली. डाव्या इंजिनाचं काही खरं नाही. महिनाभर, रोज, जेवताना.

भाऊ तिच्या खांद्यावरून बघत होता. मिशी त्याने ओळखली. होड्याही बघितल्या. मग तिचा चेहरा बघितला, आणि इतकी वर्षं ज्या क्षणासाठी वणवण केली तो समोर असताना त्याने मान फिरवली.

"साहेब, हे ते विमान नाही," तो म्हणाला. "माझाच घोळ झाला."

अधिकारी वैतागला. सकाळपर्यंत तर पैजा मारत होतात, म्हणाला. भाऊ म्हणाला, म्हातारपणी नजर दगा देते, ठिगळही दुसऱ्याच कुणाचं दिसतंय. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं.

"चिमे, ठेव ती उशी," भाऊ हळूच म्हणाला. "चल घरी."

तिने उशी ठेवली नाही. काळ्या टाक्यांची बाजू वर करून ती तिने अधिकाऱ्यापुढे धरली.

"त्याचं ऐकू नका," ती म्हणाली. "माझा दादा खोटं बोलतोय."